हे सांगतंय कोण?

पुण्यात दोन माणसं भेटली की बोलणं तिसऱ्याबद्दल होतं. काका तिथे असले तर ते बोलणाऱ्याबद्दल होतं. आपण रंगात येऊन सांगत असतो, की वरच्या मजल्यावरच्या सुनेच्या मनात सासूबद्दल अढी आहे. काका चष्मा कपाळावर चढवतात आणि शांतपणे विचारतात, "मनात? तू कधी गेला होतास तिच्या मनात? आणि गेलास तर तिथून तुला परत कसं सोडलं तिनं?" गोष्ट जागच्या जागी गार होते. सांगणारा चहा संपवून उठतो. काकांना मात्र आपण कोणाचा विरस केला असं वाटत नाही. एक चुकीची नोंद वेळीच पकडली, एवढंच त्यांचं समाधान.

पेठेत त्यांना 'कोणकाका' म्हणतात. चार पुस्तकं जास्त वाचलेले लोक 'कोनकाका' म्हणतात, दृष्टिकोनातला कोन. ज्या गावात न आणि ण यांची गल्लत कोणी कोणाला माफ करत नाही, त्या गावात हा एकच माणूस दोन्ही अक्षरांवर हक्क सांगून आहे.

काकांची सगळी नोकरी एका बँकेच्या तपासणी खात्यात गेली. बॅग घेऊन गावोगावच्या शाखांमध्ये जायचं, लेजर उघडायचं आणि मॅनेजरला विचारायचं, "या नोंदीचं व्हाउचर कुठंय?" निवृत्तीनंतर माणसं हास्यक्लबात जातात, होमिओपॅथीकडे वळतात, नातवाला गणित शिकवून त्याचा गणितावरचा विश्वास उडवतात. काका एका संध्याकाळी टिळक रस्त्यावर साहित्य परिषदेत, पटवर्धन सभागृहात जाऊन बसले. बाहेर पाऊस होता आणि आत व्याख्यान. विषय होता कादंबरीतला निवेदक. तिथे त्यांना कळलं, की कादंबरी लिहिणारा आणि कादंबरी सांगणारा ही एकच व्यक्ती असते असं नाही. लेखक स्वतः घरी बसतो आणि गोष्ट सांगायला दुसऱ्यालाच पुढे करतो. काका खुर्चीत ताठ झाले. चेकवर सही एकाची आणि पैसे उचलणारा वेगळा, हा प्रकार त्यांनी आयुष्यभर हुडकून काढला होता. इथे तो राजरोस चालत होता आणि त्याला पुरस्कार मिळत होते. (हे काकांनीच मला सांगितलं. तसं इथे नोंदवलं नाही तर ते मला सोडायचे नाहीत.)

पुढच्या महिन्यांत त्यांनी पर्सी लबकचं १९२१ सालचं पुस्तक मिळवलं, वेन बूथचं १९६१ सालचं मिळवलं. लबक त्यांना फार शिस्तीचा वाटला, बूथ जरा सैल. पण बूथनं त्यांना 'अविश्वसनीय निवेदक' दिला. तपासणी खात्यातल्या माणसाला याहून मोठी भेट कोण देणार? तेव्हापासून ते कादंबरी वाचत नाहीत, तपासतात. हातात तांबडी-निळी पेन्सिल असते. पेठेतल्या एका वाचनालयाच्या कादंबऱ्या उघडल्या की समासात त्यांचं बारीक, सुबक अक्षर दिसतं: 'हिला कसं कळलं?' 'हा तेव्हा मिरजेला होता ना? पान ४२ पाहा.' 'खिडकी बंद आहे. चांदणं कोणाला दिसलं?' एका ऐतिहासिक कादंबरीत शाहिस्तेखानाची बोटं तुटताना स्वतः खानाच्या मनात कोणते विचार आले, याचं दीड पान वर्णन होतं. तिथे काकांनी काहीच लिहिलेलं नाही. नुसतं लांबलचक तांबडं उद्गारचिन्ह आहे, आणि त्याखाली पुढच्या कुणा वाचकाच्या अक्षरात 'आजोबा, गप वाचा.'

रहस्यकथांवर त्यांचा राग नाही, उलट जिव्हाळा आहे. "बँकेत सस्पेन्स खातं असतं. ज्या रकमेचा मालक कळत नाही ती तिथे टाकायची. या लोकांनी सगळी दौलतच त्या खात्यात टाकली आहे, पण शेवटच्या पानावर मेळ घालून देतात." शेरलॉक होम्सची गोष्ट वॉटसन का सांगतो, हे त्यांच्याइतकं चांगलं मला कोणी समजावलं नव्हतं. होम्सला सगळं दुसऱ्या पानावर कळलेलं असतं. त्यालाच सांगायला बसवलं तर तिसरं पान कशाला हवं? म्हणून एक हुशार पण उशिरा उमगणारा माणूस मध्ये ठेवायचा आणि वाचकाला त्याच्या खांद्यावरून बघू द्यायचं. हे झालं चांगलं. पण अगाथा ख्रिस्तीची रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनाची १९२६ सालची कादंबरी ते ज्याला त्याला वाचायला देतात आणि देताना आवर्जून सांगतात, "बाकी कोणाकडे बघू नकोस, सांगणाऱ्यावर नजर ठेव." सोसायटीतली किती माणसं त्या एका वाक्यापायी एका उत्तम रहस्याला मुकली, त्याची मोजदाद नाही.

मराठी वाङ्मयाची त्यांनी आपल्या पद्धतीनं फेरमांडणी केली आहे. चांगलं-वाईट हे वर्गीकरण त्यांना मान्य नाही. हिशेब लागणारं आणि न लागणारं एवढंच. 'मृत्युंजय'वर ते खूश आहेत. शिवाजी सावंतांनी १९६७ साली कर्णाची गोष्ट एकट्या कर्णाला सांगू दिली नाही; कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण यांनाही बोलतं केलं. पण काकांना आवडतो तो शेवट. "कर्ण गेल्यावर पुढचं कोण सांगणार? लेखकानं सरळ कृष्णाकडे चार्ज दिला. कागदपत्रं पूर्ण." 'कोसला' त्यांना पटते, कारण पांडुरंग सांगवीकर आपल्याला जेवढं दिसलं तेवढंच सांगतो आणि बाकीच्याची जबाबदारी घेत नाही. 'बनगरवाडी'चा तरुण मास्तर तर त्यांचा लाडका: बाहेरून आलेला, गाव हळूहळू कळत गेलेला, आणि न कळलेलं कळल्यासारखं न सांगणारा. "असा माणूस शाखा-तपासणीला पाठवावा," हे काकांचं माडगूळकरांना प्रशस्तिपत्र.

महाभारताला ते हात लावत नाहीत असं वाटेल, पण तिथेच ते जास्त रमतात. भांडारकर संस्थेवरून जाताना त्यांची चाल मंदावते. तिथल्या विद्वानांनी १९१९ पासून १९६६ पर्यंत देशभरातल्या पोथ्या ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली; काकांच्या मते जगातलं हे सर्वांत मोठं ऑडिट. आणि ज्याचं ऑडिट झालं ते तरी काय? व्यासांचं वैशंपायनानं जनमेजयाला सांगितलं, ते ऐकून सौतीनं नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना सांगितलं, आणि त्याच्याही पोटात संजय धृतराष्ट्राला युद्ध सांगतो आहे. "पण प्रत्येकजण कोणाकडून ऐकलं ते आधी सांगतो! आणि संजयाला महालात बसून कुरुक्षेत्र दिसतं, तर त्याची रीतसर परवानगी व्यासांकडून घेतलेली आहे. आत्ताचे कादंबरीकार परवानगी न घेता दिव्यदृष्टी वापरतात."

त्यांचा खरा भक्तिभाव मात्र हरिभाऊ आपट्यांवर. अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकांच्या गर्दीतून वाट काढत ते आनंदाश्रमाच्या दाराशी थांबतात आणि बरोबरच्याला थांबवतात. १८९० साली सव्वीस वर्षांचा एक पुरुष 'करमणूक' काढतो आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो!' लिहायला बसतो. यमू स्वतः सांगते आहे. काकांचा आवाज इथे बदलतो. अर्धवट वाक्यं येऊ लागतात. हरिभाऊंना लेखक म्हणून सगळं ठाऊक होतं, सुधारकांचे वाद, सभा, वर्तमानपत्रं. पण यमूला दिवाणखान्यात बसायला कोण देतंय? म्हणजे जे माजघरापर्यंत आलं, दाराआडून कानांवर पडलं, नवऱ्यानं समजावलं, तेवढ्यावरच भागवायचं. "एवढी मोठी इस्टेट असून माणसानं गरिबीत राहून दाखवलं रे," काका म्हणतात. "तिचं केशवपन होतं ते कोणी तिसऱ्यानं सांगितलं असतं तर लोकांनी हळहळून पान उलटलं असतं. तिनं सांगितलं." मग मागून स्कूटरवाला हॉर्न वाजवतो आणि काका त्याला विचारतात, "घाई नक्की कोणाला आहे, तुम्हाला की मागच्याला?"

याच्या उलट बखरकार. भाऊसाहेबांच्या बखरीचं नाव काढलं की काका उसळतात. पानिपतावर राहुटीत कोण कोणाला काय बोललं, हे बखरकाराला शब्दशः माहीत. "हा होता कुठे? पलंगाखाली?" त्यापेक्षा वरसईचे गोडसे भटजी बरे. दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले, १८५७ च्या बंडात सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले; आणि डोळ्यांना दिसलं, कानांवर आलं, पोटात भीतीनं गोळा आला, ते लिहून गेले. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली 'माझा प्रवास' छापला. "नावातच 'माझा' आहे. जबाबदारी स्वीकारली आहे."

पानिपत १७६१ चं आणि पानशेतचा पूर १९६१ चा. बरोब्बर दोनशे वर्षांच्या अंतरानं पुण्यावर कोसळलेल्या या दोन संकटांचे प्रत्यक्ष साक्षीदार दरवर्षी वाढत असतात, असं काकांचं निरीक्षण आहे. संभाजी बागेतल्या कट्ट्यावर एका जुलैत त्याची परीक्षा झाली. पाऊस उघडला होता, बाकं पुसून झाली होती, आणि एक गृहस्थ दरवर्षीप्रमाणे पूर सांगत होते. १२ जुलै, बुधवार. सकाळी पानशेत फुटलं, मग खडकवासला. "माझ्या डोळ्यांदेखत लकडी पूल पाण्याखाली गेला," ते म्हणाले, "आणि एक अख्खा वासा, वर कोंबडा बसलेला…"

"तुमचा जन्म कधीचा?" काकांनी विचारलं.

"१९६३. का?"

"मग डोळे १९६१ चे कुठून आणलेत?"

कट्ट्यावर जी शांतता पसरली तिच्यात वासा, कोंबडा आणि सव्वीस वर्षांची मैत्री एकदमच वाहून गेली. गृहस्थ छत्री उचलून निघाले. काका मागून ओरडले, "अहो, खोटं नाही म्हणत मी! हे तुमच्या आईचं निवेदन असेल. तिच्या नावावर टाका एवढंच म्हणतोय!" गृहस्थांनी वळूनही बघितलं नाही.

पुढे बरेच दिवस ते कट्ट्यावर फिरकले नाहीत. आले तेव्हा काहीशा अवघडलेल्या चेहऱ्यानं आले, आणि बसताबसताच म्हणाले, "आईला विचारलं." आई पंच्याऐंशीच्या पुढची. १९६१ मध्ये ती नवी नवरी, नारायण पेठेतल्या वाड्यात तळमजल्यावर. तिनं पूल पाहिलाच नव्हता. नदीही पाहिली नव्हती. तिनं पाहिली ती न्हाणीघरातली मोरी. मोरीतून पाणी वर यायला लागलं, तेव्हा तिला वाटलं मोरी तुंबली, आणि सासूबाई आता आपल्यालाच बोलणार. ती खराट्याची काडी घेऊन मोरी साफ करत बसली. पाणी घोट्यापर्यंत आलं तरी ती काडी घालतेच आहे! शेवटी वरच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी दंडाला धरून तिला जिन्यावर ओढलं. खाली बघितलं तर पाटावर वाळत घातलेले सांडगे-कुरडया तरंगत अंगणात निघालेले. "तिला अजून," गृहस्थ म्हणाले, "पूर मोरीतून आला असंच वाटतं."

कोणी हसलं नाही. मग सगळेच एकदम हसले. काका मात्र पुढे झुकून विचारत होते, काडी हातातच राहिली होती का, सासूबाई त्या वेळी कुठे होत्या, वरच्या बाई काय म्हणाल्या, नेमकं काय म्हणाल्या. त्यानंतर कट्ट्यावरच्या जवळजवळ प्रत्येकानं घरच्या म्हाताऱ्या माणसांना छेडलं. पुराची पातळी पार खाली आली. लकडी पुलावर उभे असलेले साक्षीदार एकेक करून घरी गेले. कोणाचे वडील त्या दिवशी कचेरीत बसून होते आणि त्यांना अफवेखेरीज काही कळलं नव्हतं. कोणाची आत्या टेकडीकडे पळताना दुधाचं भांडं झाकायचं राहिलं म्हणून रडत होती. त्या जुलैत पानशेतचा पूर मला पहिल्यांदा ऐकू आला. आणि तरी काकांविषयी कोणी चांगलं बोललं नाही, हेही नोंदवायला हवं.

त्यांचं स्वतःकडे लक्ष जात नाही, हा भाग निराळा. चिं. वि. जोशांचा चिमणराव हे त्यांचं हुकमी उदाहरण. चिमणराव आपली फजिती आपल्याच तोंडानं, अगदी गंभीरपणे सांगतो. त्याला कळत नाही ते वाचकाला कळतं, आणि कळतं ते त्याच्याच सांगण्यातून. "म्हणजे बघ," काका रंगात येतात, "एखादा माणूस फार चिकित्सक, फार काटेकोर, जगाला प्रश्न विचारत सुटलेला, आणि आपण कसे दिसतो याचा त्याला पत्ताच नाही!" ऐकणारे सगळे त्यांच्याकडे बघत असतात. त्यांना वाटतं, उदाहरण पोचलं.

पुणेरी पाट्यांशी त्यांचं वैर याच कारणाचं. जग पाट्यांना तिरकस म्हणून नावाजतं. काकांना त्या भेकड वाटतात. 'येथे वाहन लावल्यास हवा सोडण्यात येईल.' कोण सोडणार? नाव सांगा! कर्ता गायब, क्रियापद हजर, आणि धमकी मोकळी. आमच्या फाटकावरच्या अशाच एका पाटीखाली त्यांनी खडूनं लिहिलं: 'कोणाकडून?' दुसऱ्या दिवशी त्यांच्याच सायकलीची हवा गेलेली होती. कर्ता आजवर सापडलेला नाही.

आमची सोसायटी सदाशिव पेठेत, वाडा पाडून बांधलेली, तीन मजली. आता तीही पाडायची आहे. पुनर्विकासाची पहिली बैठक भरली तेव्हा इतिवृत्त लिहायला कोणी तयार होईना आणि काकांनी हात वर केला. त्यांचा जुन्या इतिवृत्तांवर राग होताच. 'सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते ठरले.' चर्चा काय आपोआप होते, पावसासारखी? सर्वानुमते म्हणजे झोपलेल्यांसकट? या वेळी काकांनी प्रत्येक सदनिकेला तिच्याच तोंडून बोलू दिलं. तिसरा मजला: 'माझ्या डोक्यावर गच्ची आहे आणि गच्चीत पाणी आहे. इमारत आजच पडेल असे मला वाटते.' दुसरा मजला: 'माझ्या डोक्यावर तिसरा मजला आहे. त्यांचे पाणी माझ्यापर्यंत येत नाही, त्यांचा टीव्ही येतो. इमारत भक्कम आहे.' तळमजला: 'गळती मला ऐकून माहीत आहे. माझा प्रश्न पार्किंगचा.' रस्त्याकडचं दुकान: 'बिल्डरचा माणूस सज्जन वाटतो. तो माझ्याकडे रोख चहा पितो.' आणि शेवटी त्या बिल्डरच्या माणसाबद्दल, काटेकोर बाहेरून: 'यांच्या मनात शिरण्यास वाव मिळाला नाही. बैठकभर हसत होते, एवढे दिसले.'

सेक्रेटरींनी डोक्याला हात लावला. पण पुढच्या बैठकीत चमत्कार झाला. प्रत्येकानं आपलं प्रकरण उघडून वाचलं, आपलं म्हणणं इतकं नीट याआधी कोणी मांडलं नव्हतं म्हणून मान डोलावली, आणि बाकीची पानं न उलटता इतिवृत्त कायम केलं. सर्वानुमते! सगळी प्रकरणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली ती एकट्या बिल्डरच्या माणसानं. त्यानं झेरॉक्स मागून नेली होती. नंतर तो एकेका दाराची घंटा वाजवत आला आणि प्रत्येकाशी नेमकं ज्याला जे हवं तेवढंच बोलला, तिसऱ्याशी गच्चीबद्दल, तळमजल्याशी पार्किंगबद्दल. प्रत्येकानं थोडं कमी घेऊन सही केली. काकांना यात आपला पराभव दिसत नाही. "वाचक चांगला होता," ते म्हणतात.

आता काकूंबद्दल. काकू कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचतात आणि मग ठरवतात पुढे जायचं की नाही. काकांनी त्यांना मुद्दाम कुरोसावाचा १९५० चा 'राशोमोन' दाखवला. एकच घटना, चौघांच्या चार तऱ्हा, त्यांतला एक तर मेलेला आणि मांत्रिकिणीच्या तोंडून बोलणारा. चित्रपट संपल्यावर काका अपेक्षेनं त्यांच्याकडे वळले. "चौघांनी चार सांगितलं, यात एवढं काय?" काकू म्हणाल्या. "आमच्या माहेरी वाटणीच्या वेळी सात जणांनी सात सांगितलं. आजोबा तेव्हा जाऊन वर्ष झालं होतं, तरी त्यांचंही आठवं होतंच."

काका एकच गोष्ट व्हाउचर न दाखवता सांगतात: त्यांच्या पोह्यांच्या कार्यक्रमाची. काकू बशी घेऊन बाहेर आल्या, मान खाली, हात थरथरत होते, 'फार लाजली होती बिचारी.' हे सर्वज्ञ निवेदन मी त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं आहे. स्वयंपाकघरातून त्यावर येणारा खोकलाही ऐकला आहे. खोकल्याचा अर्थ असा: लाजबीज काही नव्हतं, हसू आवरत होतं. मान खाली होती म्हणूनच दिसलं, की पाहुण्यांच्या पायमोज्यातून अंगठा बाहेर डोकावतो आहे, आणि पाहुणे तो दुसऱ्या पायाखाली दडपायला बघत आहेत. काकांना हे मान्य नाही. प्रथमपुरुषी निवेदन विश्वसनीय नसतं, असं ते म्हणतात. मग तुमचं? "मी तपासणी खात्यात होतो."

हे व्यक्तिचित्र छापायला देण्याआधी मी काकांना वाचायला दिलं. परत आलं ते तांबडं-निळं होऊन. पहिल्या पानावर 'चष्मा कपाळावर नव्हता, हातात होता.' आनंदाश्रमापाशी 'आवाज बदलला हे कोणी ठरवलं?' सोसायटीच्या भागाशी 'झेरॉक्सचे पैसे त्यानं दिले, हे राहिलं.' पायमोज्याच्या परिच्छेदाला दुहेरी तांबडी चौकट होती, आणि शेजारी: 'ही नोंद कोणाच्या सांगण्यावरून?'

त्याखाली निळ्या बॉलपेननं, दुधाच्या हिशेबाच्या वहीत असतं तसल्या घाईच्या अक्षरात लिहिलं होतं: 'माझ्या. डाव्या पायाचा.'